कुठलं दप्तर टिकतं, कुठलं राहून जातं: अनुदान योजना आतून कशी चालते

मागच्या महिन्यात विभागात एमएच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांशी गप्पा मारत होते. बहुतेकांची पेटची तयारी सुरू आहे, दोघांचा सिनॉप्सिसचा कच्चा मसुदाही झालाय. एकाने विचारलं, "ताई, जुन्या कागदपत्रांवर काम करायचं तर ग्रँट कशी मिळवायची?" मी नेहमीचं उत्तर दिलं: वेबसाइट बघ, तारीख बघ, मार्गदर्शकांशी बोल. घरी येताना वाटलं की हे उत्तर अर्धवट झालं. अर्ज कसा भरायचा हे कुणीही सांगेल. अर्ज ज्यांच्या टेबलावर जातो ते लोक काय बघतात, हे मात्र मला स्वतःला चुकूनच कळलं. म्हणून आज त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूबद्दल लिहितेय.

तुम्हाला आयुष्यात एकही ग्रँट घ्यायची नसेल तरी हे वाचा. कारण तुम्ही प्रबंधात जी साधनं वापरणार आहात, त्यातली बरीचशी कुणाच्या तरी अनुदान योजनेच्या नियमांमधून गाळून तुमच्यापर्यंत आलेली असतात.

आधी चूक सांगते. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला सातारा जिल्ह्यातल्या एका गावात एका घरात मोडी कागदांचे २२ रुमाल दिसले. लाल-पांढऱ्या कापडात बांधलेले, दोन पत्र्याच्या ट्रंकांमध्ये. वतनाचे कागद, हिशेब, तंट्यांचे महजर, घरगुती पत्रं, असं सगळं एकत्र. घरमालक काका मोठ्या मनाचे. "अगं, बघ ना तुला हवं तेवढं, आमच्या कुणाला वाचता येतंय?" म्हणाले. मी भारावून गेले आणि एका स्थानिक संस्थेला सोबत घेऊन अनुदानाचा अर्ज लिहायला बसले. महत्त्व, दुर्मीळपणा, इतिहासलेखनातली पोकळी, सगळं झकास लिहिलं. आठ पानं. अर्ज शेवटी गेलाच नाही. का, ते पुढे येईल.

आता योजना म्हणजे काय ते एका खऱ्या उदाहरणावरून पाहू. ब्रिटिश लायब्ररीचा 'एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम', म्हणजे ईएपी. २००४ला सुरू झाला. पैसा मुख्यतः आर्केडिया या दानसंस्थेचा, म्हणजे लिस्बेट राउसिंग आणि पीटर बाल्डविन यांचा. नष्ट होण्याची भीती असलेले जुने कागद, पोथ्या, फोटो, ध्वनिमुद्रणं यांच्या डिजिटल प्रती करायला हा कार्यक्रम अनुदान देतो. आजवर चारशेहून जास्त प्रकल्प झालेत, त्यात भारतातलेही पुष्कळ आहेत. मूळ कागद त्या देशाबाहेर जात नाहीत. डिजिटल प्रतींचा एक संच स्थानिक भागीदार संस्थेकडे राहतो, एक ब्रिटिश लायब्ररीकडे जातो आणि संशोधनासाठी ऑनलाइन मोफत खुला होतो.

वाचायला सोपं वाटतं. पण हा कार्यक्रम चालवणाऱ्या माणसाच्या खुर्चीत बसून बघा. पैसे ठरलेले. अर्ज जगभरातून, शंभर लिप्यांमधल्या साहित्याचे. कुठलाही एक माणूस सगळ्याचं महत्त्व जोखू शकत नाही. मग निवडायचं कसं? त्यासाठी पहिली गोष्ट करावी लागते ती व्याख्या. आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने सगळ्यात बारकाईने वाचायची गोष्टही तीच.

ईएपीची व्याख्या साधारण अशी: त्या-त्या समाजात आधुनिकीकरण, औद्योगिकीकरण पक्कं होण्याआधीच्या काळातलं साहित्य. नेमकं वर्ष प्रदेशाप्रमाणे बदलतं, पण ढोबळमानाने विसाव्या शतकाच्या मध्याच्या अलीकडचं फारसं बसत नाही. म्हणजे १९७२च्या दुष्काळातल्या रोजगार हमीच्या कामांची हजेरीपत्रकं किंवा गिरणी संपातली पत्रकं कितीही जीर्ण झाली असली तरी ती या चौकटीत येत नाहीत. ही उणीव दिसत होतीच. २०१८ला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेच्या ग्रंथालयाने आर्केडियाच्याच पैशावर 'मॉडर्न एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम' सुरू केला, तो विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या साहित्यासाठी. एकाच दात्याचा पैसा, दोन कार्यक्रम, मध्ये काळाची एक रेघ. ती रेघ कुठे ओढायची हे व्यवस्थापनाने ठरवलं, आणि तुमचा विषय तिच्या कुठल्या बाजूला पडतो यावर तुम्हाला साधनं मिळणार की नाही हे ठरतं.

आपल्याकडचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. २००३मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झालं. त्याच्या व्याख्येप्रमाणे पांडुलिपी म्हणजे कागद, भूर्जपत्र, ताडपत्र, कापड, धातू वगैरेंवरची हस्तलिखित रचना, किमान ७५ वर्षं जुनी, आणि वैज्ञानिक, ऐतिहासिक किंवा सौंदर्यदृष्ट्या मोलाची. छापील आणि शिळाप्रेसची पुस्तकं त्यात नाहीत. इथपर्यंत ठीक. पण त्याच व्याख्येत पुढे स्पष्ट म्हटलंय की फर्मानं, महसुली कागद यांसारखी ऐतिहासिक दस्तऐवजं ही पांडुलिपी नव्हेत, कारण पांडुलिपीत 'ज्ञान' असावं लागतं.

थांबा आणि विचार करा. महाराष्ट्रात घराघरात जे मोडीत पडून आहे, ते बहुतांश काय आहे? ज्ञानेश्वरीची पोथी, पंचांग, वैद्यकाचं बाड, हे व्याख्येत बसतं. पण जमाखर्च, वतनाचे झाडे, निवाडपत्रं, सावकारी रोखे? ते बसत नाहीत. एकाच देव्हाऱ्याशेजारच्या एकाच ट्रंकेतली पोथी पात्र ठरते आणि तिच्याच खालचा रुमाल अपात्र. यात कुणाचा दुष्टपणा नाही. अभिलेख आणि पांडुलिपी यांची प्रशासकीय विभागणी जुनी आहे, दस्तऐवजांचं काम राष्ट्रीय अभिलेखागार आणि राज्यांच्या पुराभिलेखागारांकडे मानलं जातं. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या स्वतःच्या अर्थसाहाय्य योजनाही आहेत. पण खासगी घरातला मोडी रुमाल या दोन खात्यांच्या बरोबर मधल्या फटीत पडतो. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' मिशनची घोषणा झाली, एक कोटीहून अधिक पांडुलिपींचं सर्वेक्षण आणि जतन हे त्याचं उद्दिष्ट. अशी घोषणा ऐकली की आपण एक कोटी हा आकडा बघतो. मी आता आधी 'पांडुलिपी' या शब्दाची व्याख्या शोधते.

व्याख्येनंतर छाननी. ईएपीसारख्या कार्यक्रमात ती दोन टप्प्यांत होते: आधी छोटा प्राथमिक अर्ज, तो पसंत पडला तर सविस्तर अर्ज, मग बाहेरच्या तज्ज्ञांचे अभिप्राय आणि आंतरराष्ट्रीय सल्लागार मंडळाची बैठक. दोन टप्पे का? कारण सविस्तर अर्ज लिहायला महिना-दोन महिने जातात आणि बहुतेकांना नकारच मिळणार असतो. मग शंभर जणांचे दोन महिने वाया घालवण्यापेक्षा आधीच चाळण लावलेली बरी. व्यवस्थापनाच्या दृष्टीने हा मला सगळ्यात माणुसकीचा नियम वाटतो. आपल्याकडच्या काही योजनांत पहिल्याच फेरीला नोटरी केलेली प्रतिज्ञापत्रं, तीन वर्षांचे ऑडिट आणि पाच प्रती मागतात, तेव्हा त्याची किंमत कळते.

छाननीत काय बघतात? साहित्य महत्त्वाचं आहे का आणि धोक्यात आहे का, हे तर आहेच. आपण विद्यार्थी सगळी ताकद इथेच खर्च करतो, मीही केली होती. पण पहिल्या चाळणीतून पुढे गेलेले जवळपास सगळेच अर्ज महत्त्वाच्या साहित्याचे असतात. मग निवड दुसऱ्या प्रश्नांवर होते. हे काम या लोकांकडून, या जागी, या मुदतीत, या पैशात होईल का? झालं तर पुढे ते कोण सांभाळणार? आणि मुळात हे करायची परवानगी आहे का?

परवानगीपाशीच आमचं गाडं अडलं.

काकांनी होकार दिला होता. पण रुमाल काकांचे नव्हते. ते काकांच्या आजोबांचे होते, आणि आजोबांचे वारस मोजले तर सहा घरं निघाली. दोन गावात, दोन पुण्यात, एक सुरतेला, एक मुंबईत. जमिनीची वाटणी झाली होती, ट्रंकांची कधीच झाली नव्हती, कारण त्यात मोलाचं काही आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं. मी 'मोल आहे' म्हणून उत्साहाने सांगत सुटल्यावर अचानक सगळ्यांनाच वाटायला लागलं. पुण्याच्या एका चुलत्यांनी फोनवर स्पष्ट विचारलं, "बाळ, उद्या हे नेटवर टाकलंत आणि कुणी कोर्टात लावलं तर? आमची एक केस चालूच आहे." मी तेव्हा मनातल्या मनात वैतागले होते. आज वाटतं, माणूस अगदी बरोबर बोलत होता. इनाम, वतन, हद्दीचे तंटे यांचे मोडी कागद आपल्याकडे मेलेले नाहीत. २०२३मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला, ते आठवा. कागदात जात असते, कर्ज असतं, कुणाच्या तरी पणजीबद्दल पंचायतीने दिलेला निवाडा असतो. 'सगळं खुलं करा' हे ज्याच्या घरचं नाही त्याला म्हणायला सोपं जातं.

चांगल्या योजना हे ओळखून असतात. म्हणून मालकाची लेखी परवानगी लागते, आणि त्यात तीन गोष्टी वेगळ्या लिहिलेल्या असाव्या लागतात: प्रत काढायला परवानगी, ती ठराविक संस्थांकडे ठेवायला परवानगी आणि ती लोकांना दाखवायला परवानगी. पहिल्या दोन देऊन तिसरी काही वर्षं राखून ठेवता येईल का, याबद्दल योजनेप्रमाणे नियम बदलतो. मला हा फरकच माहीत नव्हता. मी सहा घरांपुढे 'द्या किंवा नका देऊ' असा एकच कागद ठेवला. चार सह्या झाल्या, दोन राहिल्या, आणि तारीख उलटून गेली.

पुढची गोष्ट हिशेबाची. इतिहासवाल्यांना आकडेमोडीचा कंटाळा असतो, पण अर्जातलं अंदाजपत्रक म्हणजे तुम्ही ते कागद खरंच उलगडून पाहिलेत की नाही याचा पुरावा. आमच्याच २२ रुमालांचा हिशेब मांडते.

एका रुमालात सरासरी ६०० कागद धरा. म्हणजे १३,२०० कागद. काही एकाच बाजूने लिहिलेले, काही पाठपोट, म्हणून सुमारे २०,००० प्रतिमा. दोघांनी मिळून, एकाने कागद सरळ करायचा आणि एकाने कॅमेरा सांभाळायचा, अशा पद्धतीने दिवसाला ४०० प्रतिमा झाल्या तर ५० दिवस लागतील. वीज जाते, सण येतात, कागद चिकटलेले निघतात, म्हणून ७० धरा. २४ मेगापिक्सलच्या कॅमेऱ्यातून निघालेली टिफ फाइल साधारण ७२ एमबीची होते. २०,००० गुणिले ७२ म्हणजे जवळपास दीड टीबी. तीन प्रती ठेवायच्या तर साडेचार टीबीच्या हार्ड डिस्क. इथपर्यंत सगळं आटोक्यात आहे.

आता सूची. प्रत्येक कागद वाचून त्याची तारीख, कोणी कोणाला लिहिला, विषय काय, हे नोंदवायचं म्हटलं तर चांगल्या मोडी वाचकालाही दहा मिनिटं सहज लागतात. १३,२०० कागद म्हणजे २,२०० तास. रोज सहा तास डोळे टिकले तर ३६६ दिवस. सुट्ट्या धरून एका माणसाचं सव्वा वर्ष! फोटो काढायला अडीच-तीन महिने आणि काय काढलं ते सांगायला सव्वा वर्ष. उलट, फक्त रुमालाच्या पातळीवर नोंद केली, म्हणजे 'रुमाल ७, अंदाजे १७६० ते १८१०, मुख्यतः जमाखर्च आणि काही पत्रं', तर रुमालाला एक दिवस देऊनही २२ दिवसांत काम संपतं.

अर्जात मी मोठ्या तोंडाने 'प्रत्येक कागदाची तपशीलवार सूची' असं लिहिलं होतं आणि त्यासाठी चार महिने दाखवले होते. अर्ज गेला असता तर कुठल्याही अनुभवी परीक्षकाने तिथेच पेन ठेवला असता.

हा प्रश्न जगभर भेडसावतो. २००५मध्ये मार्क ग्रीन आणि डेनिस माइसनर या अमेरिकन अभिलेखपालांनी 'मोअर प्रॉडक्ट, लेस प्रोसेस' नावाचा लेख लिहिला. त्यांचं म्हणणं, प्रत्येक कागद न् कागद लावत बसण्याच्या हट्टापायी संस्थांमध्ये न उघडलेल्या संग्रहांचे ढीग साचलेत. ढोबळ नोंद करा, पण लवकर करा आणि वाचकाला आत येऊ द्या. यावर अजूनही वाद होतात. माझं मत विचाराल तर मोडीच्या बाबतीत मी निम्म्याने त्यांच्या बाजूची आहे. रुमालाची नोंद आज झाली तर कागदाची नोंद वीस वर्षांनी दुसरं कुणी करू शकेल. पण 'अंदाजे काळ' हाही नीट मोडी वाचणाऱ्याने लिहिलेला हवा. त्यात चूक झाली तर पुढच्या वाचकाला तो रुमाल असून नसल्यासारखा.

म्हणूनच बहुतेक योजनांत छोटं आणि मोठं अशी दोन अनुदानं असतात. ईएपीच्या काही फेऱ्यांत पायलट प्रकल्पाची मर्यादा १५,००० पौंड आणि मोठ्या प्रकल्पाची दीड लाख पौंड होती. (आकडे बदलतात, त्या-त्या फेरीचे नियम पाहा.) पायलटमध्ये फक्त जायचं, मोजायचं, परवानग्या घ्यायच्या, नमुन्याचे फोटो काढायचे. आपल्याला मोठ्या रकमेचा मोह होतो. पण देणाऱ्याच्या बाजूने बघा: अनोळखी गटाला एकदम मोठी रक्कम देण्यापेक्षा आधी छोटी देऊन त्यांचं काम बघणं शहाणपणाचं असतं. आम्हाला खरं तर पायलटच हवा होता.

पैशाच्या कागदांबद्दल थोडक्यात, कारण तो भाग रूक्ष आहे पण तिथे अडकायला होतं. परदेशी पैसा भारतातल्या संस्थेला घ्यायचा तर एफसीआरएखाली नोंदणी किंवा आगाऊ परवानगी लागते. काही सरकारी संस्थांना सूट आहे. २०२०च्या दुरुस्तीनंतर हा पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे एका संस्थेने घेतलेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे मोठ्या संस्थेने अर्ज करून गावातल्या छोट्या वाचनालयाला हिस्सा द्यायचा, ही पूर्वीची सोयीची वाट बंद झाली. सरकारी अनुदान असेल तर हप्ता, खर्च, यूटिलायझेशन सर्टिफिकेट, मग पुढचा हप्ता, असा क्रम असतो. यूसी मार्चमध्ये अडकली की मोडी वाचकाचं मानधन जुलैपर्यंत अडकतं आणि जुलैपर्यंत तो दुसरं काम धरतो. अर्जातल्या वेळापत्रकात ही फट धरा.

प्रकल्प संपला की काम संपत नाही. आलेल्या फायली तपासायच्या असतात: धूसर प्रतिमा, सुटलेली पानं, रंगपट्टी न ठेवता काढलेले फोटो, फाइलचं नाव एक आणि सूचीतली नोंद दुसरी. या टप्प्यावर प्रकल्प महिनोन्महिने रेंगाळतात, आणि ऑनलाइन दिसेपर्यंत वर्षं जातात. हे सगळं शिकायचं असेल तर ईएपीच्या लोकांच्या अनुभवातून तयार झालेलं 'रिमोट कॅप्चर' हे २०१८चं पुस्तक मोफत उपलब्ध आहे. ट्रायपॉडपासून परवानगीपत्रापर्यंत सगळं आहे त्यात.

आणि प्रती दोन ठिकाणी का? ऑक्टोबर २०२३मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, खंडणीसाठी. तिच्या ऑनलाइन सेवा महिनोन्महिने कोलमडल्या. जगातल्या सगळ्यात मोठ्या ग्रंथालयांपैकी एकाची ही गत. ज्यांनी स्थानिक प्रतीचा नियम फक्त अट म्हणून पाळला आणि ती हार्ड डिस्क कपाटात टाकून दिली, त्यांच्यापेक्षा ज्यांनी ती दरवर्षी उघडून तपासली ते अशा वेळी निवांत असतात. अर्जात 'प्रकल्पानंतर डिस्क कोण तपासणार' या प्रश्नाला 'संस्था' असं उत्तर लिहू नका. पद लिहा, वर्षातून कितीदा ते लिहा.

आता हे तुमच्या प्रबंधात कुठे येतं?

पेशवे दप्तराचं जुनं उदाहरण घ्या. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात 'सिलेक्शन्स फ्रॉम द पेशवा दफ्तर'चे ४५ खंड निघाले. सरकारी पैशातून, ठरलेल्या मुदतीत झालेलं अफाट काम. पण नावातच 'निवड' आहे. दप्तरात हजारो रुमाल, आणि छापील खंडांत मोठा भर राजकारण, मोहिमा, पत्रव्यवहार यांवर. ज्याला अठराव्या शतकातल्या गावगाड्याचा, बाजारभावाचा, बायकांच्या मालमत्तेचा अभ्यास करायचा होता त्याला खंड सोडून पुन्हा रुमालांकडेच जावं लागलं. हा सरदेसायांचा दोष म्हणून सांगत नाही. ४५ खंड वाचून 'पेशवाईत असं होतं' म्हणणारा विद्यार्थी प्रत्यक्षात 'निवडीत असं आहे' म्हणत असतो, एवढंच.

डिजिटल संग्रहाचंही तसंच, फक्त तिथे निवड नावात लिहिलेली नसते. ईएपीच्या प्रत्येक संग्रहाला प्रकल्प क्रमांक असतो आणि संदर्भक्रमांकाची सुरुवात त्यानेच होते. तो क्रमांक नुसता तळटीपेत चिकटवू नका. त्या प्रकल्पाचं वर्णन उघडा. अर्ज कोणी केला, किती महिन्यांत काम झालं, कुठल्या घरांनी परवानगी दिली, कुठला भाग वगळला, सूची कागदाच्या पातळीवर आहे की गठ्ठ्याच्या, हे जमेल तेवढं शोधा आणि साधनांच्या प्रकरणात एक परिच्छेद त्यावर लिहा. व्हायवामध्ये "या संग्रहात अमुक समाजाचे कागद का नाहीत?" असा प्रश्न आला तर "त्या काळी तसे कागदच नव्हते" आणि "त्या घरांपर्यंत प्रकल्प पोचला नाही" या दोन उत्तरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दलित वस्तीतल्या घरात महार वतनाचे कागद असतील तर ते ट्रंकेत नसतील, पत्र्याच्या डब्यात असतील. त्या घराला ना भागीदार संस्था ओळखते, ना ते घर संस्थेला. आणि योजनेची अट आहे 'मान्यताप्राप्त भागीदार'. ही अट हेतूने चांगली आहे, पण तिचा परिणाम तुमच्या साधनयादीत दिसतो.

राहता राहिल्या आमच्या ट्रंका. अर्जाची तारीख उलटली त्या पावसाळ्यात माडीचं कौल सरकलं आणि एका ट्रंकेत पाणी गेलं. काकांनी मला लगेच कळवलं नाही. त्यांना वाईट वाटत होतं. गणपतीनंतर गेले तेव्हा सात रुमाल विटेसारखे झाले होते. कापड सोडवलं तर कागद एकमेकांपासून सुटेनात, आणि घाईने सोडवायला गेले असते तर राहिले तेही गेले असते. संवर्धन करणाऱ्या एका बाईंनी फोनवर सांगितलं, "हात लावू नका, वाऱ्यावर ठेवा, ऊन नको." तसंच केलं. त्यातला एक रुमाल मी आधी उघडून पाहिला होता, त्यात एका विधवेने दिराविरुद्ध केलेल्या तक्रारीचे कागद होते. मी वहीत चार ओळी उतरवून घेतल्या होत्या. फोटो काढला नव्हता, परवानगी यायची होती ना.

उरले १५. ते आता खालच्या खोलीत, जमिनीपासून दोन वीत उंच फळीवर आहेत. नवा अर्ज पायलटचा आहे, पाच पानांचा. परवानगीचा कागद तीन भागांचा केलाय आणि तिसऱ्या भागात 'दहा वर्षांनंतर' असा पर्याय ठेवलाय. तो वाचून पुण्याच्या चुलत्यांनी सही केली. पाच सह्या झाल्या. सहावी सुरतेची, ते दिवाळीला गावी येणार आहेत. अर्जाची तारीख त्यानंतर बारा दिवसांनी आहे.